चार लोकांना विचारू

अण्णांनी मला जितका वैताग दिला, तितका माझ्या सासरच्या सगळ्या माणसांनी मिळूनही दिला नसेल. हे मी सासूबाईंच्या देखत सांगायला तयार आहे.

भोरच्या एसटी स्टँडकडून बाजारपेठेकडे जाताना त्यांचा फोटो स्टुडिओ लागायचा. फोटो अण्णा काढायचे आणि पुढचं सगळं मी करायचे. रंग सुधारणं, मागचं दृश्य बदलणं, चेहऱ्यावरचे डाग काढणं, अल्बम लावणं, वाढदिवसाचे फ्लेक्स बनवणं. पुण्यात कोर्स करून आलेली मी. लग्नानंतर भोरला आले आणि घराजवळ काम मिळालं म्हणून खूश झाले. ती खुशी पहिल्या आठवड्यातच उतरली.

अण्णा फोटो उत्तम काढायचे, त्यात वाद नाही. शर्टाच्या खिशात कायम एक कंगवा. समोर कोण बसलाय हे न बघता आधी त्याचा भांग पाडायचे. एकदा गणवेशातल्या हवालदाराची टोपी काढून त्यांनी केस विंचरले होते आणि हवालदार मुकाट बसला होता. मान किती वळवायची हे ते सुपारीत सांगायचे. "सुपारीएवढी डावीकडं. अर्धी सुपारी खाली. हां, आता जगात कुणाचं देणं नसल्यासारखं बघा." आणि माणूस खरंच तसं बघायचा.

पण एकदा फोटो निघाला की अण्णांचा कुणावरच भरवसा राहायचा नाही. स्वतःच्या डोळ्यांवर नाही, माझ्या कामावर नाही, ज्याचा फोटो आहे त्याच्यावर तर नाहीच. दुकानाच्या दारात रस्त्याकडे तोंड करून त्यांनी एक मोठा टीव्ही लावला होता. माझ्या कॉम्प्युटरवरचा फोटो तिथे दिसायचा. फोटो तयार झाला की अण्णा म्हणायचे, "थांबा मॅडम, देऊ नका. चार लोकांना विचारू."

मला ते एरवी 'बाळ' म्हणायचे, कामाच्या वेळी 'मॅडम'.

मग समोरचा चहावाला यायचा, बँकेचा वॉचमन यायचा, महाडच्या गाडीची वाट बघणारे प्रवासी पिशव्या सांभाळत यायचे. अण्णा पायरीवर उभे राहून विचारायचे, "काय कमी वाटतंय?" असं विचारल्यावर कोण गप्प बसेल? एक म्हणायचा, नाक मोठं दिसतंय. दुसरा म्हणायचा, साडी हिरवी पाहिजे होती. एक बाई हटकून म्हणायच्या, "मागं डोंगर टाका की." त्या बाई कोण होत्या मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण डोंगर मी असंख्य टाकले. जिकडे बघाल तिकडे खरे डोंगर असलेल्या तालुक्यात मी दिवसभर बसून लोकांच्या मागे खोटे डोंगर लावत होते.

एका नव्या जोडप्याचा फोटो असाच संध्याकाळपर्यंत लोकांच्या हाती राहिला. आभाळ गुलाबी झालं, शालू निळा झाला, नवरदेव ठेंगणा वाटतो म्हणून त्याला वाढवला, मग नवरी बारीक वाटायला लागली म्हणून तिला जाड केली. दुसऱ्या दिवशी नवरदेव फोटो न्यायला आला आणि बराच वेळ बघून म्हणाला, "अण्णा, हे कोण?"

"तुम्हीच की."

"मी असा कुठं आहे?"

"पण लोकांना आवडला," अण्णा म्हणाले. त्यांना खरोखरच कळत नव्हतं की हा खूश का होत नाही.

बाकी सगळ्या बाबतीत हा माणूस लोखंडासारखा ठाम. आल्याशिवायचा चहा पुढे आला की परत पाठवणार. पेपरमधली बातमी चूक आहे, हे पेपर न वाचताच सांगणार. घरी काकूंचं एक ऐकणार नाहीत. फक्त फोटो म्हटलं की सगळा ठामपणा संपायचा. काकू एकदा डबा घेऊन आल्या तेव्हा मी त्यांच्यापाशी रडगाणं गायले. त्या म्हणाल्या, "अगं, मला बघायला आले होते ना, तेव्हा परत जाताना ह्यांनी मोटारीतल्या सगळ्यांना विचारलं, मुलगी कशी वाटली. ड्रायव्हरलासुद्धा. ड्रायव्हर बरी म्हणाला म्हणून मी इथं आहे."

मी एकदा चिडून विचारलं, "अण्णा, तुम्हाला स्वतःला काही वाटत नाही का हो?"

ते म्हणाले, "बाळ, ज्याचा फोटो तो माणूस दोनदा बघतो आणि कपाटात ठेवतो. जन्मभर बघतात ते लोक. मग मत कुणाचं घ्यायचं?"

ह्यानं मी आणखी चिडले.

रस्त्यावरची माणसं पुरेनात म्हणून त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. 'भोर फोटो मत मंडळ.' गिऱ्हाइकं, त्यांचे पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे, सगळ्यांना त्यात घेतलं. आणि एके दिवशी सारोळ्याच्या एका मुलाचं लग्न त्या ग्रुपवर मोडलं.

मुलगा चांगला होता, टेम्पो होता स्वतःचा, पण डोक्यावर केस नव्हते. लग्नाच्या माहितीपत्रकाला फोटो हवा म्हणून आला आणि लाजत लाजत मला म्हणाला, "ताई, थोडेसे घाला." मी घातले. बेताचे, कपाळ मोठं वाटेल असे. त्यानं स्क्रीनवरचाच फोटो मोबाईलवर टिपून एका मुलीच्या घरी पाठवूनही दिला. अण्णांनी दोन्ही फोटो ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, 'केसांचा बरा की बिनकेसांचा?' त्या मुलीचा मामा आंबवड्याचा. तो ग्रुपवर होता. त्यानं लिहिलं, 'आमच्याकडे हाच मुलगा केसांसकट आला आहे.'

दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील दारात. "अण्णा, पोराची सोयरीक मोडली वो तुमच्या पायी!"

अण्णांनी शांतपणे मोबाईल काढला. "पण तुमी हे बघा ना. बिनकेसांच्यालाच जास्त मतं पडलीत."

वडील मटकन पायरीवर बसले. मी आत जाऊन पाण्याचा ग्लास आणला, तो त्यांना द्यावा की स्वतः प्यावा, हे मला कळेना. त्या मुलाचं पुढे दुसरीकडे छान झालं, पण लग्नाच्या फोटोंचं काम त्यांनी दुसऱ्या स्टुडिओला दिलं, हे सांगायला नकोच.

मी त्या महिन्यात काम सोडणारच होते. नवऱ्याला तसं सांगूनही झालं होतं. तेवढ्यात ते दुसरं प्रकरण झालं.

बाजारचा दिवस होता, रस्त्यावर माणूस मावत नव्हता. पांढऱ्या शर्टातला, डोक्यावर गॉगल चढवलेला एक माणूस दुकानात आला. मोबाईलमध्ये दोन फोटो होते. एकात हिरव्या साडीतल्या एक बाई, कुठल्यातरी कार्यक्रमातून कापून घेतल्यासारख्या. दुसऱ्यात हॉटेलच्या टेबलाशी बसलेला एक गृहस्थ, मागे धरणाचं पाणी.

"माझे भाऊ-वहिनी," तो म्हणाला. "दोघांचा एकत्र फोटोच नाही. लग्नाचा वाढदिवस आहे, सरप्राइज द्यायचंय. शेजारी बसवा. भावाचा हात वहिनीच्या खांद्यावर येऊ द्या. पण बनवल्यासारखं दिसता कामा नये. प्रिंट नको, मोबाईलवरच द्या."

असली कामं रोजची होती. वारलेल्या आजोबांना नातवाच्या बारशात बसवणं, दुबईतल्या मुलाला दिवाळीच्या फोटोत आणणं. मी मन लावून जोडलं. उजेड एका बाजूचा केला, सावली पाडली, टेबलावर बाईंच्या कोपराची छटासुद्धा आणली. तो माणूस माझ्या खुर्चीमागे उभा राहून "वा, वा" करत होता. मी मोबाईलवर पाठवणार, एवढ्यात अण्णा म्हणाले, "थांबा मॅडम. चार लोकांना विचारू."

आणि टीव्हीवर फोटो लागला.

तो माणूस ओरडलाच. "अहो बंद करा! बंद करा ते!"

"असं कसं? विचारल्याशिवाय मी फोटो देत नाही," अण्णा म्हणाले आणि पायरीवर जाऊन उभे राहिले. "काय मंडळी, जोडा कसा वाटतो?"

बाजाराची गर्दी थांबली. कुणी म्हणालं झकास, कुणी म्हणालं बाईंच्या कपाळावर टिकली मोठी करा. त्या गर्दीत खांद्यावर घोंगडी टाकलेले एक म्हातारे धनगर होते. वेल्ह्याकडच्या डोंगरावरच्या वाडीतले, बाजाराला आले होते. ते पुढे सरकले, डोळ्यांवर हात धरून बघत राहिले.

"आरं, ह्या तर आमच्या सरपंचीणबाई! अन् ह्यो कोन?"

"त्यांचे मालक," अण्णांनी सांगितलं.

"न्हाई वो. त्यांचं मालक रोज माझ्याकडनं दूध न्येत्यात, म्या वळखत न्हाई व्हय? ह्यो तर प्लाटवाला हाय. गायरानातनं रस्ता मागतोय त्यो."

मागे वळून बघते तर पांढरा शर्टवाला टीव्हीची वायर शोधत होता. वायर सापडेना तेव्हा त्यानं टीव्हीलाच हात घातला. अण्णांनी त्याचा दंड धरला आणि, मी शपथेवर सांगते, त्याही वेळी ते म्हणाले, "थांबा हो, बाबांचं मत पुरं होऊ द्या." तो हात हिसडून बाहेर पळाला आणि मोटारसायकलवरून गर्दीतून वाट काढत गेला. मी टीव्ही बंद केला.

प्रकार असा होता, आम्हाला मागाहून समजला. पानशेतच्या अंगाला त्या गावात शहरातल्या लोकांसाठी बंगल्यांचे प्लॉट पडले होते आणि तिथवर जायला गावच्या गायरानातून रस्ता हवा होता. त्या रानात धनगरांची शेरडं चरायची. सरपंचबाई ठराव होऊ देत नव्हत्या. म्हणून प्लॉटवाल्याच्या बाजूच्या माणसांनी त्याच्याच शेजारी बाईंना बसवायचं ठरवलं. बाईंची अब्रूही जाणार आणि ही आतून सामील आहे असाही बोभाटा होणार. वेल्हे, नसरापूर सोडून तो माणूस भोरला आला, कारण इथे बाईंना कुणी ओळखणार नाही असा त्याचा हिशेब.

अण्णांच्या वेडानं तो हिशेब चुकला. मला क्षणभर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नवऱ्याचा शिरवळहून फोन आला. त्याच्या कंपनीतल्या कुणीतरी त्याला फोटो पाठवला होता, 'वेल्ह्याच्या सरपंचबाईंचे उद्योग बघा' म्हणून. तोच फोटो. बाजाराच्या गर्दीतल्या कुणीतरी आमच्या टीव्हीचा फोटो मोबाईलवर काढला होता आणि कडा कापून पुढे पाठवला होता. त्या माणसाला आम्ही फोटो दिला नाही. गावाला मात्र दिला.

मी दुकानात गेले ती भांडायच्या तयारीनं. अण्णा टीव्ही न लावता बसले होते. त्यांनी ग्रुपवर लिहिलं होतं, 'हा फोटो खोटा आहे. आमच्या दुकानात जोडलेला आहे. कुणी पुढे पाठवू नये.' खाली उत्तरं येत होती आणि ते एकेक मला वाचून दाखवत होते.

"'खोटा असेल, पण बनवायची वेळ का आली?' हे आपले वॉचमन. 'बाई पहिल्यापासून पुढं पुढं करतात असं ऐकलंय.' हे कोण? ह्यांच्या मुलीचं बारसं आपण केलं. 'अण्णा, खरं सांगा, तुमच्यावर कुणाचं दडपण आहे?'" त्यांनी मोबाईल पालथा ठेवला. "मॅडम, तो माणूस ह्यांच्यासमोर पळाला. ह्यांनी डोळ्यांनी बघितला. तरी?"

"तुम्हीच त्यांना विचारत आलात," मी म्हणाले. "नाक बारीक करू का, म्हणून. आता ते बाईंचं चारित्र्य बारीक करतायत."

बोलून गेल्यावर मला वाटलं, जरा जास्त झालं. चहा आला, आल्याशिवायचा, तो अण्णा तसाच प्यायले.

सरपंचबाईंच्या गावात दोन-तीन दिवसांत ग्रामसभा होती. अण्णांनी कुठूनतरी जीप ठरवली आणि मला म्हणाले, "लॅपटॉप घ्या." मी नको म्हणणार होते. पण माझ्या हातानं पाडलेली ती कोपराची सावली माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

सभा देवळाच्या मंडपात होती. सरपंचबाई टेबलामागे ताठ बसलेल्या. त्यांचे यजमान पुरुषांच्या घोळक्यात, खांबाला टेकून जमिनीकडे बघत. गायरानाचा विषय निघताच एक जण उठला. "आधी बाईंनी फोटोचा खुलासा करावा. मग गायरानाचं बघू."

"खुलासा मी करतो," अण्णा मागून म्हणाले.

"तुमी कोन?"

"तो फोटो जिथं बनला त्या दुकानाचा मालक. आणि तो भर बाजारात लावणारा शहाणाही मीच." ते पुढे गेले. "ह्या बाई आणि तो माणूस कधी एका टेबलाशी बसले नाहीत. त्यांना आम्ही बसवलं. कसं ते दाखवतो. तुमीच या पुढं."

तो माणूस का कू करत होता, पण सगळे बघायला लागल्यावर आला. अण्णांनी सवयीनं खिशातला कंगवा काढून त्याचा भांग पाडला. "सुपारीएवढी मान डावीकडं." फोटो काढला. मी शाळेच्या बाकावर लॅपटॉप ठेवून कामाला लागले. आजूबाजूला ही गर्दी, मानेवर लोकांचे श्वास, आणि अण्णा कानाशी, "आटपा मॅडम." मी प्लॉटवाल्याच्या शेजारी त्या माणसाला बसवलं. खांद्यावर तोच हात ठेवला. मागे तेच पाणी.

लॅपटॉप मंडपभर फिरला. आधी बायकांच्या बाजूनं हसू फुटलं. मग ते घोंगडीवाले बाबा म्हणाले, "आता ह्येच्या बायकूला कुनी सांगायचं?" आणि सगळा मंडप हसला.

अण्णा हसले नाहीत. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "हसताय काय? ह्याचा बघून हसला. मग बाईंचा बघून का न्हाई हसला? तिथं कसा लगेच विश्वास बसला तुमचा?"

बाईंचे यजमान खांबापासून उठले. कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या त्यांनी उचलला, बाईंच्या पुढ्यात टेबलावर ठेवला आणि परत न जाता तिथेच त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसले. बाई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "पुढचा विषय घ्या." रस्त्याचा ठराव त्या दिवशी झाला नाही. पोलिसांत तक्रारही झाली. तिचं घोंगडं अजून भिजत पडलंय.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. परतताना आमच्याच जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "खोटा तर खोटा. पन बाईमानसानं ह्यात पडायचंच कशाला?" अण्णांनी भर रस्त्यात गाडी थांबवायला लावली. "उतरा मॅडम." मी म्हणाले, अण्णा, ऊन आहे, रस्ता लांब आहे, माझ्या खांद्यावर लॅपटॉप आहे. ते उतरून चालायलाही लागले होते. त्या दिवशी डांबर तापलेलं, चप्पल चिकटत होती, आणि हा माणूस पुढे तरातरा, मी मागे शिव्या देत. एसटी मिळेपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

त्यानंतर दुकानाचा टीव्ही बंदच राहिला. लोक येऊन विचारायचे, "अण्णा, आज काही दाखवत न्हाई?" ते म्हणायचे, बिघडलाय. मला आता काम भराभर उरकता येत होतं, आणि तरी चैन पडत नव्हतं. अण्णा फोटो काढून माझ्याकडे द्यायचे आणि रस्त्याकडे बघत बसायचे. "ठीक आहे का?" असं मीच विचारायला लागले. ते म्हणायचे, "असेल."

मग एका दुपारी सरपंचबाई आल्या. बरोबर यजमान होते. ग्रामपंचायतीच्या कचेरीत लावायला फोटो हवा होता. अण्णांनी त्यांच्या केसांना कंगवा लावला नाही, फक्त आरसा पुढे केला. मानेची सुपारी तेवढी सांगितली. फोटो फार चांगला आला. मी खुर्चीवर बसले तेव्हा अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ह्याला हात लावायचा नाही. एक ठिपका इकडचा तिकडं करायचा नाही. जसा आहे तसा."

मी तसाच बाईंसमोर ठेवला. त्या वाकून बघत राहिल्या.

"चांगला हाय," त्या म्हणाल्या. "तेवढं डोळ्याखालचं काळं काढा."

अण्णा अवघडले. "असू द्या की ताई. खरं आहे ते."

"खरं हाय. पन ते ह्या महिन्याभरातलं हाय. त्या लोकांनी दिलंय ते मला. ते माझं न्हाई, मी न्हाई लावणार भिंतीवर."

अण्णांनी मला उठायची खूण केली आणि माझ्या खुर्चीवर स्वतः बसले. त्यांना माउस नीट धरता यायचा नाही. मी सांगत होते, इथं दाबा, हे धरा, एवढं नको, आणि ते चाचपडत एकेक रेघ फिकी करत होते. माझे हात शिवशिवत होते. मी चुटकीसरशी केलं असतं. प्रत्येक वेळी ते मागे वळून बाईंना विचारायचे, "एवढं?" आणि बाई सांगायच्या, "अजून जरा."

चहावाला ग्लास न्यायला आला आणि नेहमीप्रमाणे मान लांब करून म्हणाला, "बघू, कसा आलाय?"

"तुझं काय काम आहे?" अण्णा म्हणाले. "ग्लास घे आणि जा."

तो बघतच राहिला. अण्णांनी पुन्हा माउस धरला, डाव्या डोळ्याखालची शेवटची छटा पुसली आणि वळले.

"एवढं?"

बाईंनी स्क्रीनजवळ तोंड नेलं. यजमानांकडे बघितलं नाही, माझ्याकडे नाही.

"बास," त्या म्हणाल्या. "आता ही मी."